शंभर ग्रॅमच्या आत

टेबलावर एकोणीस रिकामी पाकिटं होती, बारा पिवळट आणि सात करड्या रंगाची. त्यांच्या डावीकडे चिकटपट्टीची दोन रिळं, त्यातलं एक अर्धं संपलेलं. कात्री एक, पट्टी एक, आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तळहाताएवढा वजनकाटा. टोस्टचा एक कण त्यावर पडला तेव्हा आकडा शून्यावरून शून्य पूर्णांक एकवर गेला आणि तिथेच बसला. भिंतीला लागून बटणांची खोकी रचलेली होती, दोनशे सहा. तीन महिन्यांपूर्वी ती तीनशे बारा होती. आणि समोरच्या पडद्यावर चौदा नवे अभिप्राय होते. तेरा जणांनी पाच-पाच तारे दिले होते. चौदाव्याने दोन.

तिने तो अभिप्राय तीनदा वाचला. पहिल्यांदा भराभर, दुसऱ्यांदा शब्द न् शब्द, तिसऱ्यांदा प्रयोगशाळेत एखादं न पटणारं वाचन पुन्हा घेतात तसा, काही बदललंय का हे पाहायला. बदललं नव्हतं. 'जुनाकोट' या नावाने खरेदी करणाऱ्या माणसाने लिहिलं होतं: 'बटणं सांगितली तशीच, किंबहुना जास्त चांगली. टपाल चाळीस घेतलं, पाकिटावर तिकीट बावीसचं. तुम्ही बटणं विकता की टपाल?' तिचे कान तापले. कानांचं तापमान किती वाढलं असेल, असा एक विचार सवयीने येऊन गेला. नऊ वाजून चार मिनिटं झाली होती. साडेनऊला आत्या वरच्या मजल्यावरून उतरणार, खिडकीजवळच्या खुर्चीत बसणार आणि म्हणणार, "हं, वाच." दर शनिवारी हे असंच व्हायचं. आत्याची नजर आता अक्षरांवर ठरत नव्हती. ठळक मथळेसुद्धा तिला मुंग्यांच्या रांगेसारखे दिसत. म्हणून आठवड्याचे अभिप्राय भाचीने वाचायचे आणि आत्याने ऐकायचे. काल जिन्यात भेट झाली तेव्हा तिनेच उत्साहाच्या भरात सांगून टाकलं होतं, "आत्या, चौदा आलेत या वेळी." तेव्हा चौदावा अजून उघडलेला नव्हता. आकडा तोंडातून गेला होता. तेरा म्हणून सांगितला असता तर आज सगळं किती सोपं असतं, असं तिला वाटलं, आणि हे आपल्याला वाटलं याची पुन्हा वेगळी लाज वाटली.

आत्याचं दुकान अडतीस वर्षं चाललं. फक्त बटणं. दुकान म्हणजे एक लांबट बोळ, दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी, प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते कळावं म्हणून बाहेरून एक बटण शिवलेलं. लहानपणी ती तिथे उंच स्टुलावर बसायची आणि खोक्यात हात घालायला बंदी असल्यामुळे चिमटीत एकच बटण उचलायची, ते परत ठेवायची, मग दुसरं. त्यावरून आत्या तिला चिमटी म्हणू लागली, आणि पदवी मिळून नोकरी लागली तरी ते नाव सुटलं नाही. दुकानात मोजून विकायची बटणं वेगळी आणि वजनावर विकायची वेगळी. वजनावरची घ्यायला शिंपी यायचे. आत्या बटणं पुडीत भरून एका पारड्यात ठेवायची, दुसऱ्या पारड्यात वजनं ठेवायची आणि वजनांच्या वर तसाच, तेवढाच, एक कोरा कागद. कागदाचे पैसे गिऱ्हाइकाकडून जाऊ नयेत म्हणून. एक उंच शिंपी दर वेळी म्हणायचा, "बाई, कागद वजा केलात, आता मी आत्ता सोडलेला उसासाही वजा करा." आत्या मान वर न करता सांगायची, "तुमच्या उसाशाला वजन नाही. उधारी फिटली की येईल." चिमटीला तो कोरा कागद फार आवडायचा. दोन्ही बाजूंना एकसारखं काहीतरी असलं की ते नसल्यासारखंच होतं, ही गोष्ट तिला शाळेत समीकरणं शिकवण्याच्या चार वर्षं आधी कळली होती. विज्ञानाकडे आपण त्या कागदामुळे गेलो, असं ती एका मुलाखतीत सांगणार होती, पण त्यांनी तिला फक्त इतकंच विचारलं, की सोमवारपासून येता येईल का.

नोकरी होती कागद आणि पुठ्ठा तपासण्याच्या प्रयोगशाळेत. पुठ्ठा किती दाबाला वाकतो, कागद कितव्या घडीला फाटतो, हे दिवसभर पाहायचं आणि लिहायचं. तिथे एक बंद खोली होती. तिच्यात हवा बारा महिने तेवीस अंशांवर आणि निम्म्या ओलाव्यावर धरलेली असे, आणि कोणताही नमुना तिथे पूर्ण एक दिवस ठेवल्याशिवाय काट्यावर चढत नसे. कारण कागद हवा पितो. कोरड्या दिवशी हलका होतो, दमट दिवशी जड. तिला नोकरीत शिकवलेली ही पहिली गोष्ट. दुकान बंद झालं, आत्या म्हणाली की उरलेला माल रद्दीच्या भावाने जाऊ द्यायचा नाही, आणि चिमटीने लिलावाच्या साइटवर 'बटणवाली' नावाने खातं उघडलं, तेव्हा तिने पहिली चौदा पाकिटं सवयीने त्याच खोलीत ठेवली. दिवसभर. नमुन्याच्या चिठ्ठ्या लावून. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं, "ही कशाची चाचणी?" ती म्हणाली, "सहनशक्तीची." तो म्हणाला, "कागदाची की आत्याची?"

आणि ती पाकिटं तिने किती नेमकी भरली होती. टपालाचा पहिला टप्पा शंभर ग्रॅमपर्यंत, तिकीट बावीसचं. शंभरच्या वर एक ग्रॅमही गेलं की चाळीस. म्हणजे शंभरच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जायचं. गिऱ्हाइकाला त्याच तिकिटात जास्तीत जास्त बटणं मिळतील. रिकामी जागा ठेवणं तिला अर्धवट सोडलेल्या गणितासारखं वाटे. ती एकेक बटण टाकत जाई, नव्व्याण्णव पूर्णांक दोनवर थांबे, आणि दोन बोटांनी पाकीट मिटवताना तिला असं समाधान वाटे जे कॉलेजात एखादा आलेख सरळ रेषेत आला की वाटायचं. मग ती पिशवी घेऊन टपाल कार्यालयात गेली. ते आठवडे दमट होते. कपडे वाळत नव्हते, दारं फुगून चौकटीत अडकत होती. तिकिटांच्या खिडकीतल्या बाईंनी पहिलं पाकीट ठेवलं आणि म्हणाल्या, "एकशे एक. चाळीस लागतील."

"मी मोजलंय. नव्व्याण्णव पूर्णांक दोन आहे."

"कुठे मोजलंत?"

"प्रयोगशाळेत."

"तिथे असेल. तिकीट इथे लागतं," बाई म्हणाल्या, अगदी समजुतीच्या सुरात, जसं कुणी वाट चुकलेल्याला सांगावं.

चौदापैकी सहा पाकिटं शंभरच्या वर गेली. वाटेत चालता चालता पाकिटांतल्या पुठ्ठ्यांनी हवा पिऊन घेतली होती. हे तिच्या लक्षात यायला फार तर दहा पावलं लागली, आणि अकराव्या पावलावर ती रस्त्यातच एकटी हसली. ज्या गोष्टीचा पगार घेतो तीच आपण विसरलो. इतकी मजा वाटली की तो किस्सा तिने दुसऱ्या दिवशी सहकाऱ्याला सांगितला, बाबांना सांगितला, फक्त आत्याला सांगितला नाही. वरचे पैसे तिने खिशातून भरले होते आणि ते कळलं तर आत्या तिथल्या तिथे काढून देईल, हे कारण. हे खरं कारण होतं. पण एकमेव नव्हतं, हे आता, नऊ वाजून अकरा मिनिटांनी, दोन तारे समोर ठेवून बसल्यावर तिला दिसत होतं. आत्या हसली असती आणि म्हणाली असती, चार बटणं कमी घाल. तिला ती चार बटणं काढायची नव्हती. म्हणून तिने बटणं तशीच ठेवली आणि जाहिरातीतला आकडा बदलला. टपाल: चाळीस. सगळ्यांना सरसकट.

दमट आठवडे संपेपर्यंत बावीस पाकिटं गेली आणि त्या सगळ्यांना खरंच चाळीस लागले. मग हवा फिरली. तो दिवस तिला लख्ख आठवत होता: निळं आकाश, कोरडे ओठ, टपाल कार्यालयाच्या दाराची मूठ हात लावताच चटका देणारी. बाईंनी पाकीट ठेवलं, म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव. बावीस," आणि उरलेली नाणी खिडकीतून पुढे सरकवली. अठरा. नाणी उबदार होती, बाईंच्या हातातून आलेली. खिडकीपासून दारापर्यंत सात पावलं होती. त्या सात पावलांत तिला बरं वाटलं होतं. चोरी केल्यासारखं बिलकूल नाही. उलट आधीच्या सहा पाकिटांची भरपाई झाल्यासारखं, जगाने एक चूक दुरुस्त केल्यासारखं. दुसऱ्या पाकिटाच्या वेळीही बरं वाटलं. सातव्या पाकिटापर्यंत भरपाई पुरती झाली होती, पण बरं वाटणं थांबलं नाही, फक्त त्याचं कारण बदलत गेलं. चिकटपट्टीचा खर्च असतो. पाकिटांचा असतो. आपण चालत जातो, त्याचं काय. आणि काटा. हा टेबलावरचा, दहावा भाग दाखवणारा काटा तिने त्या उरलेल्या पैशांतून घेतला होता, आणखी नेमकं मोजता यावं म्हणून. आता त्याच्याकडे बघताना तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू येऊ लागलं. जास्तीच्या टपालातून तिने अचूकपणा विकत घेतला होता.

नऊ वाजून एकोणतीस मिनिटांनी जिन्यावर चपला वाजल्या. आत्या जिना मोजत उतरायची, अठरा पायऱ्या, आणि शेवटच्या पायरीवर नेहमी एक अठरावी टाळी दिल्यासारखा पाय आपटायची. तिच्या हातात दोन वाट्या होत्या. एकीत बटणं, दुसरी रिकामी. दुकानात माल मोजायची तिची हीच पद्धत होती, आणि अभिप्रायही ती तसेच मोजायची. एक वाचला की एक बटण या वाटीतून त्या वाटीत. "चौदा काढून आणलीत," खुर्चीत बसत ती म्हणाली. "सगळी वेगवेगळी. चांगला आठवडा आहे. हं, वाच."

चिमटीने वाचायला सुरुवात केली. एका बाईने लिहिलं होतं की निळी बटणं इतकी सुंदर आहेत की आता त्यांना शोभेल असा सदरा शिवावा लागणार. टक्. एका शाळेतल्या शिक्षकाने लिहिलं होतं की मुलांनी बटणांचा हत्ती केला. टक्. "हत्तीला किती लागली?" आत्याने विचारलं. ते लिहिलं नव्हतं. "लिहायला हवं होतं," आत्या म्हणाली. एकाने फक्त 'छान' लिहिलं होतं. टक्. ती वाचत होती आणि तिचं एक लक्ष वाचण्याकडे, दुसरं आत्याच्या बोटांकडे होतं. बोटं बटणावर क्षणभर फिरत, भोकं दोन की चार ते ओळखत, मगच बटण सोडत. अकरा. बारा. तेरावा अभिप्राय लांबलचक होता आणि तिने तो जरा जास्तच सावकाश वाचला, मध्ये एक वाक्य चुकून दोनदा वाचलं. टक्. मग ती थांबली. काट्यावरचा आकडा बंद होण्याआधी एकदा लुकलुकला. आत्याच्या चिमटीत चौदावं बटण होतं.

"एक राहिलं," आत्या म्हणाली.

"हो. तो जरा..."

"जरा काय?"

"दोन ताऱ्यांचा आहे."

"मग वाच की. दोन ताऱ्यांचा म्हणजे काय कानाला चावतो?"

तिने वाचला. बटणं जास्त चांगली, चाळीस, बावीस, बटणं विकता की टपाल. वाचताना आवाज सपाट राहील याची काळजी घेतली, अहवाल वाचतात तसा. आत्याच्या खांद्यांना हलकासा धक्का बसला, आणि चिमटीला क्षणभर भीती वाटली, पण आत्या हसत होती. "माणूस चांगला बोलतो," ती म्हणाली. "बटणं विकता की टपाल. दुकानात असता तर चहा पाजला असता." मग तिने बटण वाटीत न टाकता तळहातावर धरलं. "आणि खरं आहे?"

"कधी कधी."

"कधी कधी म्हणजे किती?"

"त्रेसष्टपैकी एकेचाळीस." आकडा तिने सकाळपासून मोजला नव्हता, तरी तो तयार होता, म्हणजे तो तिला आधीपासून माहीत होता. मग तिने सगळंच सांगितलं. बंद खोली, दमट पुठ्ठे, तिकिटांच्या बाई, निळं आकाश, सात पावलं. काट्याचंही सांगितलं. सांगता सांगता सगळं लहान होत गेलं आणि एकच गोष्ट मोठी होत गेली, ती म्हणजे आत्याचं गप्प ऐकणं.

"मला हातात पाकीट घेतलं तेव्हा वाटलं होतं," आत्या शेवटी म्हणाली, "एवढ्याशाला चाळीस? अडतीस वर्षं हातात वजन घेतलंय. मग म्हटलं, वाढवले असतील टपालवाल्यांनी. मोजणारी चिमटी आहे, मी कशाला बोलू."

याच्यापुढे दोन तारे काहीच नव्हते. चिमटीने खाली पाहिलं. आपल्या पाकिटांचा हिशोब जगातल्या प्रत्येक काट्यावर चुकीचा ठरला असता तरी चाललं असतं, पण एका माणसाने स्वतःच्या हाताला कळलेली गोष्ट आपल्यावरच्या विश्वासापायी खोटी मानली, ही गोष्ट कोणत्या पारड्यात ठेवायची ते तिला कळेना. "मी सहा पाकिटांचे खिशातून भरले होते," ती म्हणाली आणि म्हणतानाच तिला त्याचा कंटाळा आला. "ते वजा केले तर..."

"ते तू माझ्याकडे मागायचे होतेस, त्यांच्याकडे नाही. त्या सहांतलं एकही पाकीट या एकेचाळीस जणांनी मागवलं होतं का?"

"नाही."

"झालं तर. आणि बांधणीचे पैसे घ्यायचे असतील तर बांधणी म्हणून घे, माझी काही ना नाही. चिकटपट्टी फुकट येत नाही. पण वर टपाल लिहून आत चिकटपट्टी नको. गिऱ्हाइकाला तिकीट दिसतं. डोळे माझे गेलेत, त्यांचे नाही." मग जरा थांबून, "काटा मात्र परत करू नकोस. चांगला दिसतोय. पैसे माझ्याकडून घे."

"तुला दिसतोय?"

"चकाकतोय तेवढं दिसतं."

दुपारपर्यंत दोघींनी एकेचाळीस जणांना पैसे परत पाठवले. आत्याने मजकूर सांगितला, चिमटीने टाइप केला: 'तुमच्या पाकिटाला बावीसचं तिकीट पुरलं, आम्ही चाळीस घेतले होते. वरचे परत केले आहेत. बटणांबद्दल काही तक्रार असल्यास तीही कळवा.' शेवटचं वाक्य चिमटीला नको होतं, सुखासुखी कशाला विचारायचं. आत्या म्हणाली, विचारलंच पाहिजे. एका बाईने उलट लिहिलं की ही काही नवी फसवणूक आहे का, आणि असल्यास तिला कळत नाहीये की यात तिचं नुकसान कुठे आहे. हत्तीवाल्या शिक्षकाला आत्याने बटणांचा आकडा विचारायला लावला होता, त्याने कळवलं, तीनशे अकरा. आत्याने ते दोनदा वाचून घेतलं. चार वाजता जुनाकोटाचं उत्तर आलं. अठरा मिळाले, कोटाला सहा बटणं लावून झाली, उरलेली भाऊ मागतोय पण देणार नाही. आणि खाली, दोनाचे चार तारे. "पाचवा राखून ठेवला त्याने," आत्या म्हणाली. "बरोबर केलं. मीही ठेवला असता."

पण काठावरच्या पाकिटांचा प्रश्न राहिलाच होता. हवा पुन्हा फिरणार होती. चिमटीने त्या आठवड्यात तीन प्रकारचे कागद आणि दोन प्रकारचे पुठ्ठे तपासले, एक तक्ता केला, आणि शुक्रवारी तो आत्याला समजावून सांगू लागली. आत्याने मध्येच विचारलं, "हे पुठ्ठे असतात कशाला?" सुटी बटणं पाकिटात एका कोपऱ्यात गोळा होऊन टपालाच्या यंत्रात फुटू नयेत म्हणून, दोन्ही बाजूंनी एकेक. "मग सुटी ठेवतेसच कशाला? शिवून टाक. आम्हाला कारखान्यातून यायची ती कार्डावर शिवलेलीच यायची." पातळ एक कार्ड, त्यावर ओळीने शिवलेली बटणं, दोन पुठ्ठ्यांची गरजच नाही. चिमटीने मनात भागाकार केला, गुणाकार केला, आणि तक्ता घडी करून खिशात ठेवला. शिवायला आत्याच बसली. तिला सुईचं भोक दिसत नव्हतं. दोरा चिमटी ओवून द्यायची आणि पुढचं बोटं करायची. चार भोकांच्या बटणाला ती फुली घालायची, दोन भोकांच्या बटणाला तीन टाके. संध्याकाळचा उजेड खिडकीतून तिच्या हातांवर पडायचा आणि त्या उजेडाची तिला काहीच गरज नसायची. शेजारी बसून सुया ओवताना चिमटीच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ काही मोजलेलं नाही. हे लक्षात आल्यावर तिने सुया मोजल्या. नऊ होत्या.

"आता शंभरपर्यंत भरायचं का?" एकदा तिने विचारून पाहिलं. कार्डामुळे जागा झाली होती. आणखी सात-आठ बटणं सहज मावली असती, आणि तिच्या बोटांना ती जागा खुपत होती.

"राहू दे मोकळं," आत्या दोरा दातांनी तोडत म्हणाली. "तुझा कागद हवा पितो ना? तिच्यापुरतं ठेव."

नव्या जाहिरातीत तिने लिहिलं: 'टपाल बावीस. बांधणीचे वेगळे पैसे नाहीत. तिकीट जास्त लागल्यास वरचे आमचे.' शेवटचं वाक्य लिहून ती खूप वेळ त्याच्याकडे बघत बसली, कारण आता ते खोटं ठरू द्यायचं नव्हतं. बारा बोली लागल्या. बारावी जुनाकोटाची होती, काळ्या बटणांसाठी. बहुधा दुसरा कोट. पाकिटं टाकायच्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तर समोरची इमारत नव्हती. धुकं इतकं दाट होतं की जिन्याचा कठडा ओला लागत होता आणि पिशवीचे बंद हाताला गार चिकटत होते. चिमटीला वाटलं, एक दिवस थांबावं. आत्या कोट घालून, गळपट्टा गुंडाळून खाली आली होती. "थांबायचं कशाला? आज जाऊन आलो की मग कुठल्याच दिवशी भीती नाही," ती म्हणाली आणि भाचीच्या दंडाला धरून रस्त्याला लागली. दोघी सावकाश चालल्या, पंचवीस मिनिटं लागली. वाटेत आत्याने पिशवीत हात घालून एक पाकीट उचललं, क्षणभर तोललं, परत ठेवलं, आणि काय वाटलं ते सांगितलं नाही. चिमटीनेही विचारलं नाही. तिच्या केसांवर बारीक थेंब जमले होते आणि तिला हवेतला ओलावा कातडीवर कळत होता, पुठ्ठ्याला कळत असेल तसा.

तिकिटांच्या खिडकीत त्याच बाई होत्या. "आज पुन्हा काठावरची का?" त्यांनी विचारलं.

"ठेवून बघा," आत्या म्हणाली.

बाईंनी एकेक पाकीट काट्यावर ठेवलं आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. बारा पाकिटं, बाराही बावीसच्या तिकिटात. सर्वांत हलकं शहाऐंशी ग्रॅम, सर्वांत जड त्र्याण्णव.